पोरगं हुशार आहे, फक्त वाचत नाही

देवळाली प्रवरात एखादं पोर तिसरीत जाऊनही धडा वाचताना अडखळत असलं, तर त्याच्यावरचे उपचार दवाखान्यात सुरू होत नाहीत, घरच्या ओट्यावर सुरू होतात. आजी मीठ-मोहऱ्या उतरवते. चुलती बदाम भिजत घालते. वडील पोराच्या हातातला मोबाईल काढून घेतात आणि स्वतः बघत बसतात. मेडिकलवाला ब्राह्मीची बाटली देतो, शिकवणीचे सर तोच धडा पाच वेळा लिहून आणायला सांगतात, आणि उसाला पाणी देऊन आलेले आजोबा सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर शेवटचा निकाल देतात : "काही झालेलं नाही त्याला. याचा बापही असाच होता. आता चालवू राहिला ना ट्रॅक्टर?"

हा निकाल वाटतो तितका अडाणी नाही. वाचनातली ही अडचण बऱ्याचदा घराण्यातून उतरते, हे जगभरच्या अभ्यासकांना मान्य आहे. म्हणूनच मुलाची तपासणी करताना ‘घरात आणखी कोणाला असा त्रास होता का?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. पंचाईत एवढीच की तो विचारला जातो तेव्हा आजोबा तिथं नसतात. समोर वडील बसलेले असतात. ते ठासून सांगतात, "नाही मॅडम, आमच्याकडं कुणालाच नाही." तेवढ्यात टेबलावरचा फॉर्म त्यांनी बायकोकडे सरकवलेला असतो. "तू भर. माझा चष्मा घरी राहिला."

ओट्यानंतरचा मुक्काम डोळ्यांच्या डॉक्टरांचा. राहुरीला किंवा श्रीरामपूरला जाऊन नंबर काढायचा. नंबर निघाला तर घर सुटकेचा निःश्वास टाकतं. निघालाच नाही तर डॉक्टरवरचा विश्वास उडतो. पण याही पायरीला हसण्याचं कारण नाही. ‘डिस्लेक्सिया’ हे नाव 1887 मध्ये ठेवलं तेच मुळी रुडॉल्फ बर्लिन नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने. पुढे 1896 मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाची हकीकत छापली. मुलगा चलाख, खेळात पुढे, पण स्वतःचं नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल करायचा. त्याच्या मास्तरांचं म्हणणं मॉर्गनने नोंदवून ठेवलंय : शिक्षण सगळं तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, हे वाक्य अजून तसंच आहे. राहुरी तालुक्यातल्या कुठल्याही शाळेत मधल्या सुट्टीत चहा पिता पिता ते ऐकायला मिळेल. "तोंडी विचारा हो, सगळं सांगतो. लिहायला दिलं की पाणी प्यायला जातो."

फरक एवढाच पडला की आता याला कायद्यात जागा आहे. 1995 च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते आणि त्यात ही अडचण नव्हती. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात प्रकार 21 झाले, त्यात ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ आली. वाचनाची, लेखनाची, गणिताची अशा पोटजातींसकट. महाराष्ट्राने तर त्याच्याही वीस वर्षं आधी हालचाल केली होती. 1996 पासून अशा मुलांना परीक्षेत सवलती मिळायला लागल्या आणि त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. मुंबईची ही बातमी प्रवराकाठी पोचायला मात्र 2007 साल उजाडलं, आणि ती आणली परिपत्रकाने नव्हे, ‘तारे जमीन पर’ने.

त्या सिनेमाचे उपकार मोठे आहेत. उपद्रवही थोडा आहे. तो पाहिलेल्या प्रत्येकाची खात्री झाली की ज्याला वाचता येत नाही, त्याला चित्रं अफाट येतात. मग पोराला चित्रकलेच्या क्लासला घातलं जातं. पोर आपलं ट्रॅक्टर काढतं, तोही दोनच चाकांचा. आता वाचनाबरोबर चित्रकलेतही नापास झालेल्या त्या जीवाकडे बघून मामा म्हणतो, "मग याला नेमकं झालंय तरी काय?" वाचनाची अडचण असलेल्या प्रत्येक मुलाला देवाने दुसरा एखादा गुण भरपाई म्हणून दिलेला असतोच, असं नाही. काही मुलं चित्रात चमकतात, काही यंत्रं उघडून जोडतात आणि पुष्कळशी अगदी चारचौघांसारखी असतात. चारचौघांसारखं असण्याचा हक्क त्यांना सिनेमाने दिला नाही, एवढीच तक्रार.

सरकारी वाट मात्र सिनेमापेक्षा बरीच लांब आहे. शाळेत आरोग्य तपासणीची गाडी येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हे तिचं पूर्ण नाव, आणि 2013 मध्ये त्याची देशभराची सुरुवात झाली ती आपल्याच पालघरला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तीस तऱ्हेच्या दुखण्यांची यादी त्यांच्याकडे असते आणि तिच्यात शिकण्यातली अडचणही आहे. पण गाडी आली की मुलांना रांगेत उभं करतात, दात बघतात, डोळे बघतात, वजन घेतात. न वाचता येणं असं रांगेत ‘आ’ करून दिसत नाही. ते वर्षभर त्याच वर्गात बसणाऱ्या बाईंना दिसतं. म्हणून केंद्र सरकारच्या 2018 च्या नियमांत पहिली चाळणी शिक्षकांवर सोपवली होती, आणि तीही तिसरीच्या किंवा आठ वर्षांच्या सुमाराला. आठ वर्षांच्या आत प्रमाणपत्र नाही. कारण सहा वर्षांची बरीच मुलं अक्षरं उलटी काढतात, हे नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं.

बाईंना दिसतं म्हणावं, तर तिथेही गोम आहे. दिसतो तो मुलगा. त्याला वाचता येत नाही म्हणून तो शेजारच्याची टोपी उडवतो, खडू फेकतो, तीनदा लघवीला जातो. त्याचं नाव यादीत सगळ्यात वर. पण तिसऱ्या बाकावरची मुलगी बघा. वही उघडावी तर अक्षर मोत्यासारखं. फळ्यावरचं सगळं उतरवलेलं, समासाला लाल रेघ, तारीख घातलेली. "किती व्यवस्थित!" म्हणून बाई बरोबरची खूण करतात. तिला तिच्याच वहीतली एक ओळ वाचायला सांगितली तर ती हसते, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळते आणि खाली बघते. तिने ती ओळ लिहिलेलीच नाही. एकेक अक्षर रांगोळी काढल्यासारखं काढलेलं आहे. अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये सॅली शेविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली हेच दाखवून दिलं. शाळांनी निवडलेल्या मुलांत मुलगे कितीतरी जास्त निघाले. अभ्यासकांनी प्रत्येक मुलाला स्वतः तपासलं, तेव्हा मुलगे-मुलींतलं अंतर जवळजवळ मिटलं. त्यात आपल्याकडे मुलीच्या कागदावर असलं काही लिहून घ्यायला घर तयार नसतं. "पुढं लग्नाला अडचण नको." मुलगी नऊ वर्षांची असते.

आणखी एक गोष्ट देवळालीत नीट तपासून घ्यावी लागते. कारखान्याचं गाळप सुरू झालं की बाहेरच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कोप्या पडतात. त्यांच्याबरोबर आलेलं दहा वर्षांचं पोर जवळच्या शाळेत येऊन बसतं आणि त्यालाही वाचता येत नाही. पण ते अर्धं वर्ष इथं असतं, अर्धं गावाकडं, आणि अधूनमधून लहान भावाला सांभाळायला कोपीवर. त्याला शिकवलंच गेलेलं नाही. अशा मुलाला अध्ययन अक्षमतेचं लेबल लावता येत नाही, आणि लावू नये. कानाने कमी ऐकणाऱ्याला नाही, डोळ्याने कमी दिसणाऱ्याला नाही आणि शाळा न मिळालेल्यालाही नाही. ती अक्षमता दुसऱ्या कोणाची तरी आहे. तिला टक्केवारी द्यायला अजून बोर्ड नेमलेलं नाही.

खरी मजा बुद्धिमापनाच्या टेबलाशी येते. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र हवं, तर आधी मुलाची बुद्धी ठीकठाक आहे हे सिद्ध करावं लागतं. 2018 च्या नियमांप्रमाणे बुद्ध्यांक 85 च्या वर असेल तरच पुढची, बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेची चाचणीमाला लावायची होती. म्हणजे ‘ढ’ नाही असा दाखला मिळाल्याशिवाय अडचणीचा दाखला नाही. हे आजोबांना समजावून सांगणं अवघड जातं. "हुशार आहे म्हणता, मग नेलं कशाला तिथं?" असा त्यांचा सरळ प्रश्न असतो. वर्षानुवर्षं ज्याला गाढव म्हटलं त्याची बुद्धी कागदावर छापून आली की घरात आनंदापेक्षा थोडी अवघडल्यासारखी शांतता पसरते.

या मोजमापात मराठी मुलखाचा हात जुना आहे. पॅरिसमध्ये बीने आणि सिमोन यांनी 1905 साली बुद्धीची चाचणी तयार केली. डॉ. वि. वि. कामतांनी धारवाडला बसून ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. ‘बीने-कामत’ म्हणून ती आजही वापरात आहे. दुसरी, 1969 ची मालिन यांची चाचणी, नागपूरची. वाचनासाठी ‘दाली’ नावाचं साधन 2015 मध्ये हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलं, ते हिंदी, इंग्रजी, कानडीबरोबर मराठीतही आहे. हे महत्त्वाचं. कारण घरात ‘काय करू राहिला’ बोलणाऱ्या आणि शाळेत सेमी इंग्रजीत बसवलेल्या मुलाला इंग्रजी उतारा देऊन त्याची वाचनाची अक्षमता काढायची म्हटलं, तर अर्धी देवळाली पात्र ठरेल.

गणिताच्या बाबतीत तर मुलापेक्षा भाषेचीच चौकशी आधी करावी. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी कानावर येतो, वीस नंतर. पोर इमानाने ऐकल्याप्रमाणे आधी 5 लिहितं, मग 2, आणि त्याला फुली मिळते. ‘एकोणतीस’मध्ये तीस आहेत आणि ते तीस नाहीत. ‘त्र्याण्णव’ म्हणता म्हणता जिभेची गाठ बसते. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ अशीही सोय करून दिली. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. मुलं जोडाक्षरांना आणि या उलट्या क्रमाला बिचकतात, त्यांना गणिताची गोडी लागण्याआधीच धास्ती बसते, हे त्यांचं साधं म्हणणं. महाराष्ट्र पेटला. विधानसभेत अजित पवारांनी विचारलं, की मग मुख्यमंत्री फडणवीसांना आता ‘फडण दोन शून्य’ म्हणायचं का? सभागृह खदखदून हसलं. ज्यांच्यासाठी हा खटाटोप होता ती मुलं त्या वेळी दुसरीच्या वर्गात पंचवीस उलटे लिहीत होती.

आणि हेच पोर राहुरीच्या बाजारात मावशीच्या दुकानावर बसवा. "कांदे पंचवीस रुपये किलो, अडीच किलो द्या." पोर तराजू उचलायच्या आधी सांगतं, "साडेबासष्ट. बासष्ट द्या काकू." ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात अशाच रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास झाला होता आणि 1985 मध्ये तो प्रसिद्ध झाला : गाड्यावर बिनचूक हिशेब करणारी मुलं तीच गणितं कागदावर आली की गडबडत होती. मावशीला ब्राझील माहीत नाही. पण तपासणीला गेलेल्या बहिणीला ती फोनवर सांगते, "त्यांना म्हणावं, परीक्षा बाजारात घ्या."

तपासणी झाली की कागदपत्रांचा अंक सुरू होतो. इथे घरातली आणि कचेरीतली मोठी माणसं ज्या चुका करतात, त्या मुलाने केल्या असत्या तर त्याला तिथल्या तिथे प्रमाणपत्र मिळालं असतं. आधारवर आईचं नाव एक, दाखल्यावर एक. जन्मतारखेतले दिवस आणि महिना एकमेकांच्या जागी. इंग्रजीत देवळाली लिहिताना मध्ये ‘ओ’ घालायचा की ‘व्ही’, यावर एका कुटुंबाच्या पाच कागदांत तीन मतं. त्यात दुसरी देवळाली नाशिकला, लष्करी छावणीची, जास्त प्रसिद्ध, ‘प्रवरा’ लिहायचं राहून गेलं की फोनवरचा माणूस प्रेमाने विचारतो, "नाशिकमधून का?" जिल्ह्याचं नावही मधल्या काळात अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. स्वावलंबन पोर्टलवर ओळखपत्राचा अर्ज भरताना नेट कॅफेतला पोरगा यादीत वरखाली करत विचारतो, "जुनं टाकू का नवं?" आकड्यांची अदलाबदल, सारख्या दिसणाऱ्या शब्दांतली गल्लत, सूचना अर्धवट वाचणं, रांगेत चुकीच्या खिडकीशी उभं राहणं. मुलाच्या अहवालात या सगळ्याला लॅटिन-ग्रीक नावं आहेत. मोठ्यांच्या बाबतीत ‘किरकोळ तफावत’ म्हणतात आणि स्टँपवर प्रतिज्ञापत्र करून आणायला सांगतात.

बरं, प्रमाणपत्र एकदा काढून भागत नाही. चौदाव्या वर्षी पुन्हा, अठराव्या वर्षी पुन्हा. अठराव्या वर्षीचं मात्र आयुष्यभर चालतं.

कागदाने पोराला वाचता येत नाही. त्यासाठी शिकवावं लागतं. समग्र शिक्षा योजनेत गट साधन केंद्राकडून विशेष शिक्षक शाळांवर येतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानंतर केंद्र सरकारने 2022 मध्ये अशा शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं, प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरांमागे एक. कागदावरचं प्रमाण आणि दुचाकीवरून नगर-मनमाड रस्त्याचे खड्डे चुकवत शाळाशाळांतून फिरणारी बाई, यांचं गणित काही जमत नाही. पण ती येते त्या दिवशी वर्गाच्या कोपऱ्यात एक ताट निघतं, त्यात बारीक वाळू. मूल बोटाने ‘भ’ काढतं, काढता काढता मोठ्याने उच्चारतं, मग पुसतं, मग ‘म’ काढतं. दोघांतली गाठ बोटाला कळली की मग डोळ्याला कळते. वाचताना ओळीखाली पट्टी, म्हणजे नजर खालच्या ओळीत घसरत नाही. काने-मात्रे वेगळ्या रंगात. आणि चाळीस जणांसमोर उभं करून मोठ्याने वाचायला लावायचं नाही, ही सगळ्यात स्वस्त सवलत, तिला कुठलाही दाखला लागत नाही.

डोळा, कान आणि हात एकदम कामाला लावायची ही पद्धत अमेरिकेत ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांनी 1930 च्या दशकात बसवली. ती घरी करून दाखवायला बाईंनी परात मागितली, तेव्हा आजी बघत राहिली. तिचे वडील धूळपाटीवरच अक्षरं शिकले होते. "एवढ्यासाठी नगरपर्यंत नेलं व्हय पोराला?" असं म्हणून तिने परातीत वाळूऐवजी तांदळाचा रवा ओतला आणि नातवाशेजारी बसून स्वतःच गिरवायला लागली. सातवीत शाळा सुटलेल्या आजीचा ‘ळ’ अजून झकास येतो.

दहावी जवळ आली की सगळं चित्र पालटतं. सवलती कळतात : तासामागे किमान वीस मिनिटं जादा, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी, गरजेप्रमाणे लेखनिक. तोवर प्रमाणपत्राला ‘डाग’ म्हणणारा चुलता एका संध्याकाळी हळूच येऊन बसतो. "आमच्या बंटीचंही वाचन तसं कच्चंच आहे. कुठं मिळतं ते?" शुद्धलेखनाची माफी कळल्यावर तर गल्लीतल्या प्रत्येकाला आपण लहानपणी हुकलो असं वाटायला लागतं. मराठी लेखनाचे नियम 1962 मध्ये चौदा झाले, 1972 मध्ये आणखी चार वाढले. अठराच्या अठरा पाळणारी दुकानाची पाटी सापडली तर बक्षीस लावायला हरकत नाही.

राहता राहिला लेखनिक. तो परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला हवा. म्हणजे नववीतला, अक्षर बरं असलेला, परीक्षेच्या दिवसांत मोकळा आणि ज्याच्या आईची हरकत नाही असा. शोध घेता घेता गल्लीतलीच एक मुलगी ठरते. तिच्या आईची अट एकच : आणायला-पोचवायला गाडी. सरावाला दोघं पडवीत बसतात. दहा वर्षं लिहिताना कुंथलेलं पोर तोंडी सुटतं ते थांबतच नाही. 1972 च्या दुष्काळाची कारणं, परिणाम, रोजगार हमी, सगळं एका दमात. मुलीचा हात दुखायला लागतो.

"अरे हळू सांग ना! ‘दुष्काळ’चा दु पहिला का दुसरा?"

"मला काय विचारू राहिली? तुझं काम ते."